लोणारचा खार

जालना म्हटले की आपल्याला लोखंडाचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबीच्या बागा आठवतात. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तर तिथल्या माणसाकडून एकदा तरी ऐकावीच लागते. पण मैत्रिणींनो, जालन्याला बहिणीकडे किंवा नणंदेकडे चार दिवस गेलात, तर त्यातला एक दिवस लोणारसाठी राखून ठेवा. लोणार जालना जिल्ह्यात नाही, हद्दीला लागून बुलढाणा जिल्ह्यात आहे. मंठा तालुक्यातल्या लोकांना मात्र ते शेजारचेच गाव वाटते.

जालन्याहून ऐंशी-नव्वद किलोमीटरची वाट. वाटूर, मंठा, तळणी अशी गावे मागे पडतात. दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन, तूर. पूर्णा नदी ओलांडली की मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. एके काळी ही हद्द फार मोठी होती, बरं का. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि जालना-मंठा मात्र १९४८पर्यंत निजामाकडेच राहिले. म्हणजे लेक नदीपलीकडे दिली तर ती दुसऱ्या राज्यात गेली! आता एसटीत बसल्या बसल्या डुलकी लागली तर हद्द कधी ओलांडली हेही कळत नाही.

लोणारला पोचल्यावर सरोवर कुठेच दिसत नाही. गाव, बाजार, दुकाने, सगळे आपल्या तालुक्याच्या गावासारखेच. मग चार पावले पुढे जावे, तर पायाखालची जमीनच खाली गेलेली. समोर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीची प्रचंड गोल परात आणि तिच्या तळाशी हिरवट पाणी. काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३५ मीटर, म्हणजे चाळीस मजली इमारत आत उभी केली तर तिची गच्ची काठाला लागेल. माझ्याबरोबरच्या बायका इतका वेळ अखंड बोलत होत्या, त्या इथे आल्यावर गप्प झाल्या. यावरून काय ते समजा.

आकाशातून अशनी पडून हा खड्डा झाला. पूर्वी तो ज्वालामुखीचा मानत, पण १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताचे पुरावे दगडांतूनच दाखवून दिले. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात असा आघाताचा खड्डा जगात फार दुर्मीळ आहे. वय आधी पन्नासेक हजार वर्षे धरत, नंतरच्या मोजणीत ते पावणेसहा लाखांच्या घरात गेले. पुराणाला या हिशेबाशी काही देणेघेणे नाही. लवणासुर इथे लपला होता, विष्णूने त्याला मारले, म्हणून गावाचे नाव लोणार आणि देव दैत्यसूदन. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर चुकवू नका. त्यावरचे कोरीवकाम पाहायला अर्धा तास तरी हवा, आणि मान दुखेल हे धरून चाला.

पण मला सांगायचे आहे ते खाराबद्दल. खाण म्हटली की कोळसा, सोने, चुनखडी आठवते. लोणारची खाण पाण्यात होती. या तळ्याला आत यायला झरे आहेत, बाहेर जायला एकही वाट नाही. पाणी येते ते उन्हाने उडून जाते आणि त्यातला क्षार तेवढा मागे राहतो. हजारो वर्षे हे चालले आहे. त्या पाण्यात काय काय आहे ऐका: धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि साधे मीठ. आपल्या फडताळातल्या तीन बरण्या जणू एकाच तळ्यात उपड्या झालेल्या! उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर आणि तळाशी पांढरी पपडी धरायची. ती खरवडून, उचलून, सुकवून विकायची, हा इथला जुना उद्योग. आपण शेवग्याच्या शेंगा कोवळ्या, जून अशा निवडतो, तशी इथल्या लोकांनी क्षाराची प्रतवारी केली होती. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची नावे होती. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’तसुद्धा लोणार आहे. काच आणि साबण करायला लागणारा सारा माल इथल्या डोंगरात मिळतो आणि सरकारला त्याचा चांगला महसूल येतो, अशी त्यात नोंद आहे. म्हणजे बादशहाच्या हिशेबात हे तीर्थ नव्हते, उत्पन्न होते.

आता तो उद्योग उरलेला नाही. तळ्याभोवती अभयारण्य आहे, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये लोणारला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. खार उचलणारे हात गेले, खार मात्र अजून आहे. तो तुम्हाला स्वतः पाहता येईल. घरून हळदीची पुडी न्या. तळहातावर चिमूटभर हळद घ्या आणि तळ्याच्या पाण्याचे चार थेंब टाका. पिवळी हळद लालसर होते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेच हे. पारंपरिक कुंकू हळदीला क्षाराची जोड देऊनच करतात, मग आपल्याला नवल कसले! मात्र हात नंतर चांगल्या पाण्याने धुवा, आणि मुलांना ते पाणी तोंडात घालू देऊ नका. वासही जरा उग्र येतो, नाकाला पदर लावावा लागेल.

जून २०२०मध्ये तर सारे तळेच गुलाबी झाले होते. त्या उन्हाळ्यात पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी पाण्याला रंग चढवला, असे पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले.

तळ्याच्या काठी, झाडीत, कमळजादेवीचे जुने मंदिर आहे. जवळच ‘सासू-सुनेची विहीर’. एका बाजूचे पाणी गोड, दुसऱ्या बाजूचे खारट, म्हणून हे नाव. गोड कोण आणि खारट कोण हे विचारले तर उत्तर देणारीच्या वयावर अवलंबून असते! गंमत बाजूला ठेवा, पण या विहिरीचीच गोष्ट आता सगळ्या तळ्याला लागू झाली आहे. अलीकडच्या काही वर्षांत तळ्याची पातळी खूप चढली. विहीर पाण्याखाली गेली, पाणी देवीच्या मंदिरापर्यंत आले. जिथे मासा जगत नाही असे पिढ्यान्पिढ्या सांगत आले, तिथे मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. आपल्या भागात तळे भरले की आपण ओटी भरायला जातो. मराठवाड्याच्या बाईला पाणी वाढल्याचे दुःख कसे सांगायचे? पण इथे गोडे पाणी वाढले की खार पातळ होतो, आणि त्या खारावर जगणारी हिरवी शेवाळे, त्यातले जीव, सारे नाहीसे होऊ लागते. या शेवाळांना आणि जीवांना असे खारे पाणीच मानवते. आमटीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते, इथे ती सोय नाही.

पावसाचा दोष आपण कुणाला देणार? पण वरच्या शेतांतली खते, गावातले सांडपाणी आणि साबण हे माणसाचेच. काठावर गोमुखाची धार आहे, बारमाही वाहते, तिला तीर्थ मानतात. तिचे पाणी शेवटी तळ्यातच उतरते. तिथे जाल तेव्हा आंघोळीबद्दलची पाटी आधी वाचा. परवानगी असली तरी साबणाची वडी आणि शाम्पूच्या पुड्या पिशवीतच राहू द्या. निर्माल्य आणि ओटीचे प्लास्टिकही परत घेऊन या. देवीला त्याचा राग येणार नाही.

आता थोडे व्यवहाराचे. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जावे, उन्हाळ्यात त्या परातीत भाजून निघाल. सकाळी लवकर उतरायला लागा, मोर दिसतील. साडी नेसायचीच असेल तर चापूनचोपून, आणि पायात पट्ट्याच्या चपला, कारण पायवाट घसरडी आहे. खाली खायला काही मिळत नाही. दशम्या, चटणी आणि माणशी दोन बाटल्या पाणी जवळ ठेवा. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई बरोबर असतील तर त्यांना वरच्या काठावरूनच दाखवा, वरून सरोवर अधिकच सुंदर दिसते. मुक्कामाला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. आणि मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, तेव्हा खर्चाचे निमित्त कुणाला सांगता येणार नाही.

परतताना मंठ्याच्या वाटेने येऊ नका, सिंदखेडराजावरून या. तिथून जालना तीसेक किलोमीटर राहते. लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचे जन्मस्थान पाहून अंधार पडायच्या आत घरी पोचता येते. सकाळीच कणीक मळून ठेवलीत तर रात्री पिठलं-भाकरीवर भागवायची वेळही येणार नाही.