आवाज येतो का?

आयुष्यांत तुम्हीं सर्वांत अधिक वेळां कोणता प्रश्न विचारला, असें मला कुणीं २०२० सालापूर्वीं विचारलें असतें, तर "समजलें का?" हें उत्तर मीं तत्काळ दिलें असतें. पंचवीस वर्षें इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाच्या तोंडीं दुसरा कोणता प्रश्न असणार? परंतु त्या सालानें या प्रश्नाचें सिंहासन हिरावून घेतलें. पुढील दीड-दोन वर्षांत "आवाज येतो का?" हे तीन शब्द मीं इतक्या वेळां उच्चारले कीं, तेवढ्या वेळां रामनाम घेतलें असतें तर माझ्या पदरीं पुण्याचा मोठा सांठा झाला असता. मौज अशी कीं, हा प्रश्नच मोठा तर्कदुष्ट आहे. ज्याला आवाज येतो त्याला तो विचारण्याची गरज नसते, आणि ज्याला येत नाहीं त्याला तो ऐकूं जात नाहीं!

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, आणि यथावकाश मी लाखनीस माझ्या घराच्या माडीवरील खोलींत बसून वर्ग घेऊं लागलों. भंडारा आणि साकोली यांच्या दरम्यान, नागपूर-रायपूर रस्त्यावर वसलेलें हें आमचें गांव. महामार्ग दाराशींच असल्यामुळें जगाशीं आपला संबंध तुटला आहे, असें येथें कधीं वाटत नाहीं. परंतु महामार्ग सोडून चार कोस आंत गेलें कीं धानाच्या बांध्या, मालगुजारीच्या काळांतले तलाव आणि जंगलाची कड लागते. आमचे बहुतेक विद्यार्थी तिकडून येतात. एरवीं ते एस. टी. नें किंवा सायकलीनें येत. आतां त्यांच्याऐवजीं त्यांच्या आवाजाला जा-ये करावयाची होती, आणि आवाजासाठीं एस. टी. निघत नव्हती.

पहिल्याच दिवशीं माझ्या लॅपटॉपनें अशी आरोळी ठोकली कीं, स्वयंपाकघरांतून सौभाग्यवती धांवत वर आल्या. झालें होतें तें एवढेंच: विद्यार्थ्यांना आपण कसे दिसतों हें पाहावें, या क्षम्य मोहानें मीं मोबाईलवरूनहि त्याच वर्गांत प्रवेश केला होता. एका यंत्रांतून निघालेला आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्यें शिरे, तेथून परत पहिल्याकडे येई, आणि प्रत्येक फेरींत वाढत जाई. एका खोलींत एकच यंत्र बोलतें ठेवावें आणि दुसऱ्याचे कान व तोंड दोन्ही बंद करावीं, हा उपाय माझ्या मुलीनें सांगितला. दोन विद्वान एकाच वेळीं बोलूं लागले म्हणजे सभेंत काय होतें हें मला ठाऊक होतें. यंत्रांचेंहि तसेंच असतें हें त्या दिवशीं कळलें.

पुढें एकेक व्याधि, तिचें निदान आणि तिचा उपाय यांची मीं एक वहीच केली. कुणाचा आवाज तुटक येई. चालतें चित्र पाठविण्यास जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या दशांशाहून कमी प्रवाहांत नुसता आवाज सुखरूप जातो. म्हणून प्रथम विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद करविले, आणि मग माझाहि. माझा चेहरा ही ज्ञानाची अपरिहार्य अट नव्हे, हें कबूल करण्यास मात्र मला एक आठवडा लागला. कुणी सांगे, "सर, घरात टॉवरच नाही भेटत." त्याचें घर टिनाच्या पत्र्याचें असे. सर जगदीशचंद्र बोस यांनीं गेल्या शतकाच्याहि आधीं, १८९५ सालीं, कलकत्त्यास भिंतीपलीकडे बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. भिंतींतून त्या लहरी जातात, परंतु धातूचा पत्रा त्यांना परतवून लावतो. मग ओट्यावर, अंगणांत, नाहीं तर तलावाच्या पाळीवर जाऊन बस, असा मी सल्ला देई. पावसाळ्यांत पाळीवर छत्र्या उघडून बसलेलीं मुलें पाहून वाटेनें जाणाऱ्याला तीं गळ टाकून बसलीं आहेत असें वाटावें! कुणाच्या घरीं एकच मोबाईल, आणि तो सकाळींच वडिलांच्या खिशांतून शेतावर जाई. अशांसाठीं मीं दहा-दहा मिनिटांचीं व्याख्यानें ध्वनिमुद्रित करून पाठविण्यास आरंभ केला. रात्रीं वडील परतल्यावर तीं उतरवून घेतां येत. कुणाच्या मोबाईलमध्यें तेवढ्यालाहि जागा नसे, कारण तेथें गुलाबाच्या फुलांसकट शेंकडों 'सुप्रभात' मुक्कामाला आलेले असत. ते पुसून टाका, हा उपाय सांगणें सोपें होतें. काकांनीं पाठविलेलें फूल पुसतांना मुलांचा हात अडखळे.

सर्वांत चमत्कारिक व्याधि एका विद्यार्थ्याच्या जुन्या मोबाईलला जडली. फोन लागे, इंटरनेट चालू असल्याची खूण दिसे. परंतु वर्गाचें दार उघडूं गेलें कीं, ही जागा सुरक्षित नाहीं, असा इशारा येई. शेवटीं उमगलें कीं, विजेअभावीं पार निजलेला तो मोबाईल जागा झाला तेव्हां आपली तारीख विसरला होता आणि १ जानेवारी १९७० या दिवसावर जाऊन बसला होता. संगणकांच्या एका मोठ्या कुळाची कालगणनाच त्या दिवसापासून सुरू होते. आतां प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ दारांत आपलें जें ओळखपत्र दाखवितें, त्यावर तें अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य असल्याचें नमूद असतें. १९७० सालांत बसलेल्या मोबाईलला २०२० सालचें ओळखपत्र खोटें वाटावें, यांत नवल तें काय? तारीख दुरुस्त करतांच दार उघडलें. माझाहि जन्म त्याच सुमाराचा. आपणहि कधीं कधीं याच कारणामुळें नव्या जगावर अविश्वास दाखवितों काय, असा प्रश्न त्या वेळीं मनांत येऊन गेला. परंतु मीं त्याला फार वेळ थारा दिला नाहीं, कारण मी तेव्हां यशाच्या धुंदींत होतों. 'सरांना सांगा, सर दुरुस्त करतात,' अशी माझी ख्याति पसरली होती. ज्या सहकाऱ्यांनीं माझें इंग्रजी व्याकरण कधीं विचारलें नाहीं, ते आतां मोबाईलची औषधें विचारूं लागले होते.

द्वितीय वर्षाच्या वर्गांत एक मुलगी होती. ऑगस्ट महिना होता. शिवारांत रोवणी चालली होती. प्रश्न विचारून मी एकेकाचें नांव घेई. तिचें नांव पडद्यावर असे, परंतु उत्तर येत नसे. मी क्षणभर थांबें, "बरें, पुढें," म्हणें, आणि दुसऱ्याकडे वळें. माझ्या वहींत तिच्या नांवापुढें 'गै' पडे. तीन आठवडे असें चाललें. एके दिवशीं मी चिडलों आणि म्हणालों, "कांहीं जणांचीं नांवें तेवढीं वर्गांत बसतात, माणसें मात्र रोवणीला गेलेलीं असतात." कुणीतरी हंसल्याचें ऐकूं आलें. खरें सांगावयाचें तर, मलाहि माझें वाक्य आवडलें. दुसऱ्या दिवसापासून तिचें नांवहि पडद्यावर दिसेनासें झालें, आणि त्याचें मला विशेष कांहीं वाटलें नाहीं.

१५ फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रांतील महाविद्यालयें निम्म्या उपस्थितीनें उघडूं लागलीं. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं ती मुलगी मला भेटावयास आली, ती नांव काढून घेण्याचा अर्ज हातांत घेऊनच. "कां ग, शिकावयाचें नाहीं?" असें मीं विचारलें. ती खालीं पाहत म्हणाली, "सर, मी तर दररोज उत्तर देत होती. तुम्हीच ऐकत नव्हते."

मला प्रथम रागच आला. मग मीं तिचा मोबाईल मागून घेतला. निदान करण्यास वेळ लागला नाहीं. पहिल्या दिवशीं मोबाईलनें तिला इंग्रजींत विचारलें होतें कीं, आवाज टिपण्याची परवानगी द्यावयाची काय? घरीं वडिलांनीं बजावलें होतें कीं, फसवणुकीचे दिवस आहेत, मोबाईलनें कांहीं मागितलें तर 'नाही' म्हणायचें. त्या आज्ञाधारक मुलीनें नकाराचें बटण दाबलें, आणि यंत्रानें पुन्हां विचारलें नाहीं. पडद्यावरच्या लाल खुणेचा अर्थ तिला कुणीं सांगितला नव्हता. आपल्याला सर्वांचा आवाज येतो, त्या अर्थीं आपलाहि सर्वांना जात असेल, असें तिनें गृहीत धरलें. मीं तरी दुसरें काय केलें होतें? रोज ती उत्तर देई आणि लगेच माझें "बरें, पुढें" तिच्या कानीं येई. आपलें इंग्रजी ऐकण्याच्या लायकीचें नाहीं, म्हणून सर दोन शब्दहि न बोलतां पुढें जातात, असा तिचा समज झाला होता. ज्या दिवशीं मीं तें आवडतें वाक्य उच्चारलें, त्या दिवशीं ती रोवणीची मजुरी बुडवून, चिखलाचे पाय धुऊन, धुऱ्यावर मोबाईल धरून बसली होती.

दुरुस्तीला अर्धें मिनिट लागलें. परवानग्यांच्या यादींत मायक्रोफोनपुढें नकार होता, तेथें होकार केला, एवढेंच. हें अर्धें मिनिट मला ऑगस्टमध्येंहि मिळण्यासारखें होतें. त्या दिवशीं संध्याकाळीं साधा फोन करून "मुली, उत्तर कां देत नाहींस?" एवढें विचारावयाचें होतें. साध्या फोनला इंटरनेटहि लागत नाहीं.

घरीं येऊन मीं उपायांची वही उघडली. तींत आरोळी ठोकणाऱ्या, अडखळणाऱ्या, दार न उघडणाऱ्या सर्व यंत्रांना औषध होतें. गप्प बसणाऱ्या यंत्राचें पान नव्हतें. जें बिघडून ओरडतें त्याच्याकडे आपण धांवतों. जें बिघडून मुकें होतें त्याला आपण बिघडलेलें समजतच नाहीं; त्याच्यापाशीं बसलेल्या माणसाला आपण आळशी, बेफिकीर किंवा गैरहजर ठरवून मोकळे होतों. आणि हें केवळ मोबाईलच्या काळांतच घडलें असें तरी मी कोणत्या तोंडानें म्हणूं? चार भिंतींच्या वर्गांतहि शेवटच्या बांकावरील कितीतरी ओठ हलले असतील, आणि मीं "बरें, पुढें" म्हणून पान उलटलें असेल.

तेव्हांपासून माझा एक नियम झाला आहे. दूरचा वर्ग असला म्हणजे पहिलीं पांच मिनिटें प्रत्येकानें एक वाक्य बोलावयाचें, आणि मीं तें ऐकून त्याचें नांव घेऊन उत्तर द्यावयाचें. ज्याचा आवाज आला नाहीं त्याला त्याच सायंकाळीं फोन. "माझा आवाज येतो का?" हें विचारणें मीं सोडलेलें नाहीं; पण त्यानंतर मी आतां कान देऊन थांबतों.

अर्ज तिनें परत नेला, आणि पुढें ती पदवीधरहि झाली. त्या तीन आठवड्यांचें हजेरीपत्रक मात्र केव्हांच वर गेलें होतें. त्यांत फेरफार करणें माझ्या हातीं नव्हतें. माझ्या खासगी वहींत तेवढें तिच्या नांवापुढचें प्रत्येक 'गै' खोडून मीं 'ह' लिहिलें आहे. तीं अक्षरें थोडीं बटबटीत दिसतात. तीं तशींच राहूं दिलीं आहेत.