पडदा ओढणारा

मे महिना उजाडला की मुलांच्या सुटीचे काय करावे, हा प्रश्न आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबात वडीलधाऱ्यांपुढे उभा राहतो. पूर्वी मामाचे गाव, आंब्यांची अढी आणि माळ्यावरची जुनी पुस्तके एवढ्यावर तो सुटत असे. हल्ली मामाही शहरातच राहावयास आल्यामुळे नाट्य, चित्र व संगीत यांच्या शिबिरांनी ते काम पत्करले आहे. दोनतीन आठवडे मुले तेथे रमतात आणि शेवटच्या दिवशी घरच्या मंडळींस बोलावून एखादे छोटेसे नाटक करून दाखवितात. घोटाळा होतो तो नेमका या शेवटच्या दिवसापाशी.

आमचा नऊ वर्षांचा पुतण्या गेल्या उन्हाळ्यात अशा एका शिबिरास जात होता. बोलताना तो मधूनच अडखळतो. नाटकात त्याच्याकडे पडदा ओढण्याचे काम आहे, ही वार्ता प्रयोगाच्या चार दिवस आधी घरात पसरली आणि रात्रीच्या पंगतीत जणू खटलाच उभा राहिला. “पडदेच ओढायचे, तर घरच्या खिडक्यांचे काय कमी आहेत?” असे आमचे बंधू म्हणाले. मुलाचे व्यंग चारचौघांत दाखविले जात आहे, असे वहिनींस वाटले. त्यास शिबिरातून काढावे, येथपर्यंत मजल गेली. अखेर मातोश्रींनी त्यालाच विचारले. तो म्हणाला, “आजी, हे काम मीच मागून घेतलंय. मी नसलो तर नाटक सु... सुरू कसं होणार?” या मागण्यात आवड किती व भीती किती, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. परंतु खटला तेथेच निकालात निघाला.

प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या प्रवेशात मोराचे सोंग घेतलेली एक चिमुरडी आपले वाक्य विसरली व रडवेली होऊन जागच्या जागी थिजली. सभागृहात हशा पिकला. तो प्रेमळ होता, पण हशाच होता. पाचपन्नास मोबाईल तिच्या रोखाने उंचावले. तोच पडदा सरसर मिटला. पलीकडे काय झाले ते आम्हांस दिसले नाही. थोड्या वेळाने तो उघडला तेव्हा मोर पिसारा सावरून उभा होता, आणि वाक्य बिनचूक आले.

सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिट्ल थिएटर’ स्थापन केले. बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची धाटणी डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ साली मराठीत आणली. ग्रिप्सच्या नाटकांत तर मोठी माणसेच मुलांच्या भूमिका करतात, कारण समोर बसलेले मूल हा तेथील मानाचा प्रेक्षक. त्याची करमणूक व्हावी, पण त्यास कमी लेखले जाऊ नये, म्हणून ही मंडळी कष्ट घेतात. शिबिराच्या प्रयोगात हे नाते उलटते. मुले रंगमंचावर आणि आपण खुर्चीत. मग तितकीच आस्था आपणही का दाखवू नये? आपण मात्र आपले मूल कोठे दिसते एवढेच शोधतो, त्याची वाक्ये मोजतो, आणि शेजारच्या मुलाशी ताळा करून पाहतो. शाळेतील गुणपत्रिका येथेही आपली पाठ सोडत नाही.

तेव्हा वाचकांस आमची विनंती अशी की, मोबाईल खिशात ठेवून त्या दिवशी परक्या मुलांचेही नाटक मनापासून पाहावे, आणि “तुझे काम केवढे?” असे न विचारता ते काम कसे करतात, हे मुलाकडून समजून घ्यावे. आमच्या बंधूंनी परतीच्या वाटेवर पडद्याची दोरी कशी चालते, एवढेच विचारले. घर येईपर्यंत मुलगा, अडखळत का होईना, बोलत होता.