मंडळी आणि पंक्ती

मनुष्य कोणत्या देवळाचा, हा प्रश्न आमच्यात सहसा कोणी विचारीत नाही. ज्या घरी जन्मलो त्या घराचे कुलदैवत तेच आमचे, आणि आजोबा ज्या मठाचे शिष्य तोच आमचा मठ. आमच्या वडगावात मंगाईदेवीची जत्रा भरते, तेव्हा प्रसादासाठी पुढे आलेल्या हाताला कोणी नाव विचारीत नाही. अशा संस्कारांत वाढलेले आम्ही धारवाडला एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या नातवाच्या बाप्तिस्म्यास गेलो, आणि सभासदत्व या शब्दाचा अर्थ आम्हांस नव्याने पाहावयास मिळाला.

बेळगावात १८२० साली आलेले मिशन लंडनचे. धारवाडात १८३७ साली आले ते बासेलचे. बासेल मिशनात लूथरपंथी आणि सुधारितपंथी असे दोन्ही प्रवाह एकत्र होते. धारवाडची ती मंडळी आज चर्च ऑफ साउथ इंडियात सामील आहे. तरीही लूथरची शिकवण तेथे परकी नाही. रोमन चर्चच्या सात संस्कारांपैकी लूथरने अखेर दोनच मुख्य मानले, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. तान्ह्या बालकाच्या मस्तकी पाणी घालून त्याला मंडळीत घेतात. पुढे ते जाणते झाले, म्हणजे लूथरने १५२९ साली लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीसारख्या पुस्तकावरून त्याला शिकवितात, आणि मग ते सर्वांसमक्ष आपल्या तोंडाने श्रद्धा कबूल करते. आमच्याकडील बारसे आणि मुंज यांची आठवण व्हावी, असाच हा क्रम आहे. त्या भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, यावर लूथर अडून बसला. त्याच १५२९ साली मारबुर्ग येथे झ्विंग्लीशी त्याचे जमले नाही, ते याच मुद्द्यावर. नैवेद्याचा प्रसाद होतो हे मानणाऱ्या आम्हांस लूथरचा हा हट्ट समजण्यास कठीण नाही.

त्या दिवशी बाप्तिस्म्यानंतर प्रभुभोजन झाले. मंडळी उठून पुढे गेली. आम्ही बाकावरच बसून राहिलो. बाहेर आल्यावर स्नेही संकोचाने म्हणाले, "अण्णा, मनाला लावून घेऊ नका. ज्याने आपले नाव दिले, त्याचेच ते ताट."

नाव देण्याची किंमत काय असते, हे आमच्या सारस्वत समाजाने मंगळुरात पाहिले आहे. ६ जानेवारी १८४४ रोजी आनंदराव कौंडिण्य या तरुणाने बासेल मिशनात बाप्तिस्मा घेतला. शहरात खळबळ उडाली. पत्नी त्यांच्याबरोबर गेली नाही. बासेलला शिकून १८५१ साली ते पाळक होऊन परतले, आणि पुढे कोडगूत त्यांनी आनंदपूर ही वसाहत होलेय समाजातील नवख्रिस्त्यांसाठी उभी केली. ज्यांची सावली आमचे पूर्वज टाळीत, त्यांच्याबरोबर एका प्याल्यातून पिणे हा त्या नाव देण्याचाच भाग होता. घरी राहिलेल्या त्या स्त्रीचा विचार मात्र आमच्या मनातून जात नाही. पतीने एक मंडळी निवडली. तिला निवडावयास काय उरले?

केवळ पाण्याने सारे भेद धुऊन जातात, असेही नाही. तमिळ देशातील तरंगंबाडीस लूथरन मिशन १७०६ साली आले. तेथील परंपरेच्या देवळांत जातवार निरनिराळ्या बैठकी पुढे दीर्घकाळ चालल्या. बासेलच्या मिशनऱ्यांनी जातिभेदास थारा न देण्याचा आग्रह धरला.

आमचा प्रसाद उघडा, पण पंक्ती पिढ्यान्‌पिढ्या बंद होती. त्यांचे ताट बाहेरच्यास बंद. परंतु आत आलेल्यास जात विचारू नये, असा निदान त्यांचा नियम तरी होता. यांत उदार कोण, याचा निवाडा आम्ही करीत नाही. आम्हांस चिंता आहे ती आमच्या नातवंडांची. ती पुण्यास, बंगळुरास, परदेशी वाढतात. कुलदैवताचे नाव त्यांना ठाऊक असते, अर्थ ठाऊक नसतो. जन्माने मिळालेले सभासदत्व त्यांना किती काळ पुरेल? त्या धारवाडच्या बालकाला काही वर्षांनी कोणीतरी शिकवील, आणि मग विचारील, "हे तुला मान्य आहे काय?" आमच्या मुलांना असे विचारण्यापूर्वी शिकविणे आले, आणि ते काम कोणत्याही पुजाऱ्याचे नसून घरातल्या वडीलधाऱ्यांचे, म्हणजे आमचेच आहे.