मधले बारा तास

पावसाळ्यात आमच्या आलापल्लीच्या दवाखान्यात भामरागड, एटापल्लीच्या बाजूने तापाने फणफणलेली लेकरं येतात. मलेरिया डोक्यात गेला असेल तर आर्टेसुनेट शिरेतून द्यावं लागतं. आल्याबरोबर पहिलं, १२ तासांनी दुसरं, २४ तासांनी तिसरं. सलाईनही जपूनच सोडायचं, नाहीतर फुफ्फुसात पाणी होतं. त्यामुळे मधले तास २४ नंबरचा पिवळा कॅन्युला हातात नुसताच असतो, आणि ब्लॉक होतो तो तेव्हाच. सुकलेल्या लेकराची शीर दुसऱ्यांदा सापडणं कठीण. आई विचारते, “ताई, अजून टोचता का?” जीव तुटतो.

ब्लॉक झाला की सगळे म्हणतात, सलाईनने फ्लश केलं नसेल. पण नीट फ्लश करूनही ब्लॉक होतो. आमच्या एका डॉक्टरांनी बिटाडीन मिसळलेल्या पाण्यात कॅन्युलाचं टोक बुडवून ते दाखवलं. वरच्या बिनसुईच्या कनेक्टरमधून सिरिंज काढली, तसा तांबूस रंग टोकातून आत चढला. सिरिंजच्या तोंडाने आत जेवढी जागा व्यापलेली असते, ती काढताना रिकामी होते, आणि ती भरायला शिरेतलं रक्त मागे येतं. थेंबाहूनही कमी, पण बारीक नळीत गोठायला तेवढं पुरतं. अशा कनेक्टरला आधी क्लॅम्प लावायचा, मग सिरिंज काढायची.

दुसऱ्या जातीचा कनेक्टर उलटा वागतो. सिरिंज निघताना तो आतलं थोडं सलाईन स्वतःच पुढे ढकलतो. तिथे आधी क्लॅम्प लावला तर ते ढकलणंच अडतं, म्हणून सिरिंज आधी, क्लॅम्प नंतर. तिसऱ्या जातीत रक्त फारसं मागे येत नाही, त्यामुळे क्रमाने विशेष बिघडत नाही. माझ्या मते आमच्यासारख्या ठिकाणी हाच हवा, रात्री एकट्या सिस्टरकडे वॉर्ड असतो म्हणून. पण पुरवठ्यात कधी हा येतो, कधी तो, आणि दिसायला सगळे सारखेच.

कनेक्टर संपले की थ्री-वे, म्हणजे कळ फिरवून बंद करायचा तीन तोंडांचा नळ असतो. त्यात सलाईन थांबत थांबत ढकलायचं आणि शेवटचा अर्धा मिली जाण्याआधी, दट्ट्यावर बोट असतानाच कळ फिरवायची. सिरिंज पूर्ण रिकामी केली तर दट्ट्याचं दबलेलं रबर परत फुगतं आणि रक्त ओढतं. इथून गडचिरोली किंवा चंद्रपूरला रुग्ण पाठवायचा तर शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता आहे. निघण्याआधी हे फ्लश मी स्वतः करते.

नवीन खोकं आलं की आम्ही आधी बिटाडीनच्या पाण्यात एक नग तपासतो. मग खोक्यावर मार्करने ठळक लिहितो, ‘आधी क्लॅम्प’ किंवा ‘आधी सिरिंज’.