ताई, जेवल्यावर चाल

गडचिरोली

ती. ताईस,


शुगरसाठी डॉक्टरांनी रोज पहाटे फिरायला सांगूनही तू जात नाहीस म्हणून भाऊजी चिडलेत, हे फोनवर कळलं. मला तुझं पटतं. सिंदेवाही तालुक्यात पहाटे एकट्या बाईनं रस्त्याला लागायचं तरी कसं? मागे 2025 च्या मे महिन्यात मेंढा (माल) च्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या, त्या वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलाचंच काय, 2022 च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात ड्युटीवरून घरी निघालेल्या कामगाराला वाघानं मारलं. थोडं उजाडल्यावर जावं, तर उन्हाळ्यात सकाळी नऊलाच अंग भाजतं.

आणि लोकांची तोंडं! धानाच्या रोवणीत बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते, तेव्हा कोणी काही म्हणत नाही. तीच मोकळ्या हातानं निघाली, की दारादारातून ‘कोठं चालल्या जी बाई?’ सुरू होतं. म्हणून तू रिकामी पिशवी हातात घेऊन निघतेस, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आजारी माणसाला चार पावलं चालायलाही निमित्त का लागावं?

पण पहाटेचाच हट्ट कशाला? जेवल्यावर रक्तातली साखर चढते, आणि चालताना पायांचे स्नायू ती वापरून टाकतात. इन्सुलिन नीट काम करत नसलं तरीही. आपलं तर दोन्ही वेळचं जेवण भाताचं. तेव्हा दुपारी जेवलीस की सावलीसावलीनं, ऊन कडक असेल तर घरातल्या घरात, दहा-पंधरा मिनिटं चाल. रात्री ओसरीवरच येरझाऱ्या घाल, बाहेर नको. बिबट गावात शिरतो. आठवड्याची दीडशे मिनिटं सांगतात, ती अशी थोडीथोडी करूनही भरतात.

तळपायाला मुंग्या येतात म्हणालीस, त्याची मात्र मला काळजी वाटते. वरोऱ्याच्या आनंदवनात आपण कुष्ठरुग्णांचे पाय पाहिले आहेत. बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही आणि जखम आतल्या आत चिघळते. शुगरमध्येही पायाचं तसंच होतं. कुष्ठरुग्णांसाठी आलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल आता शुगरवाल्यांनाही देतात. डॉक्टरांना पाय दाखव आणि त्या चपलेचं विचार. तोवर अंगणातसुद्धा अनवाणी जाऊ नकोस. रोज झोपण्याआधी सुनेला बॅटरीच्या उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या बघायला सांग.

शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी चालू नकोस. त्या पिशवीत साखरेची पुडी असू दे; घाम फुटून हातपाय थरथरले, तर लगेच तोंडात टाक आणि खाली बस.

हे पत्र भाऊजींना वाचायला दे. भाऊजी, रागावू नका, दुपारी तिच्यासोबत निघा. तुम्ही बरोबर असलात की तिला कोणी काही विचारणार नाही. ताई, पुढच्या खेपेला जेवणानंतरचीही शुगर तपासून घे आणि आकडा मला कळव.

तुझा
धाकटा भाऊ