शेवटची पाच मिनिटं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ईबेवर एक जुनं एचएमटी जनता घड्याळ जिंकलं. 2016ची गोष्ट. बाबांकडचं तसलंच घड्याळ लोकलच्या गर्दीत कधीच हरवलं होतं. चार दिवस मी एकही बोली लावली नाही. सहा सेकंद उरले तेव्हा एकदाच आकडा टाकला. आपण मागे पडलोय हे समोरच्याला कळेपर्यंत वेळ संपली होती. याला स्नायपिंग म्हणतात, आणि पुढे वर्षभर मी कट्ट्यावर त्यावर प्रवचनं झोडली.

खरं तर ईबेवर याची गरज पडू नये. तुम्ही तुमचा कमाल आकडा सांगायचा. दुसऱ्याच्या जरासं वर राहण्यापुरतीच बोली सिस्टिम तुमच्या वतीने वाढवते. पण माणसं आकडा ठरवून येत नाहीत. कुणी पुढे गेलं की त्यांना तीच वस्तू अचानक जास्त हवीशी वाटते. स्नायपर त्यांना तेवढी फुरसतच देत नाही. आल्विन रॉथ (2012चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते) आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी 2002 साली छापलेल्या पेपरात ईबेची तुलना अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली होती. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटं शांततेत गेली, तरच लिलाव संपे. तिथे अखेरच्या क्षणी उडी मारणारे खूपच कमी निघाले.

हे सगळं वाचलेलं असूनही गेल्या वर्षी मी तीच युक्ती एका घरावर लावायला बसलो.

मोरव्यातलं आमचं घर आता पाच जणांना पुरत नाही. भाईंदर पश्चिमेला एका बँकेने थकीत कर्जापोटी जप्त केलेला वन रूम किचन ई-लिलावात निघाला. राखीव किंमत 21 लाख. अनामत 10 टक्के, म्हणजे 2 लाख 10 हजार; त्यासाठी आईने पाटल्या गहाण ठेवल्या. फ्लॅट बघायला गेलो तर दारावर अजून आधीच्या मालकाचं आडनाव होतं. मी ते वाचायचं टाळलं.

माझी मर्यादा 26 लाख. जिंकलो तर 25 टक्के लगेच भरायचे, बाकीचे पंधरा दिवसांत, नाहीतर भरलेलं बुडतं. एक्सेलमध्ये सगळं मांडलं होतं.

बारा एकोणसाठला दहा सेकंद उरले असताना मी बोली लावली. स्क्रीनवर वेळ पाच मिनिटांनी वाढली. नोटिशीत लिहिलेलंच होतं : प्रत्येक बोलीनंतर पाच मिनिटं, कितीही वेळा. समोर एकच जण, नाव नाही, नुसता क्रमांक. तो पंचवीस हजार वाढवी, मी पंचवीस हजार वाढवी. दीड वाजला, दोन वाजले. 26 लाख कधी ओलांडले ते मला कळलं, पण थांबलो नाही. पंचवीस हजार म्हणजे किती, असं प्रत्येक वेळी वाटायचं.

आई बाजारातून आली, रिकामी पाटी ओट्यावर टेकवून मागे उभी राहिली. तिची हयात उत्तनच्या बंदरावर म्हावऱ्याच्या लिलावात गेली आहे. तिथे घड्याळ नसतं. एकवार, दोनवार म्हणेपर्यंत कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. म्हणजे अ‍ॅमेझॉनचा नियम तिला माझ्या आधीपासून पाठ. घरून आकडा ठरवून निघते, आणि तिथे पोचल्यावर आधी समोर कोण कोण उभं आहे ते बघते. मला तर समोरचा दिसतच नव्हता.

तिने विचारलं, तुझा आकडा किती होता? मी सांगितला. मग तिने स्क्रीनवरचा वाचला : 27 लाख 25 हजार. माझीच बोली.

ती काही बोलली नाही, माझ्या शेजारी बसली. वरचे सव्वा लाख कुठून आणायचे ते माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. चार मिनिटं. तीन. दुसऱ्या कुणीतरी बोली लावावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाला हाक मारली. एक मिनिट राहिलं, तेव्हा आईने माझं मनगट धरलं.

चौदा सेकंद उरले असताना त्याची बोली आली.

मी लॅपटॉप बंद केला. काही दिवसांनी अनामत परत आली आणि आम्ही पाटल्या सोडवल्या.