दर चढाईमागे

भालकी, औराद, कमलनगर या पट्ट्यात कबड्डीचा संघ निवडायला बसलं की बोलणं मराठी, कन्नड, दखनी अशा तिन्ही भाषांत चालतं आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : पोराने पॉइंट किती काढले? गडी शिकवणारा माणूस म्हणून मला हा प्रश्न अर्धाच वाटतो. किती चढायांत काढले आणि कितीदा सापडला, हे विचारल्याशिवाय मी क्रम लावत नाही.

बास्केटबॉलवाल्यांनी यावर आधीच डोकं लावलंय. डीन ऑलिव्हर यांचं ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ हे पुस्तक २००४ साली आलं. चेंडू आपल्या ताब्यात आला, त्यातून निघालं काय, हा त्यांच्या हिशेबाचा पाया. कबड्डीत तर हे माप आयतंच आहे. ३० सेकंदांची चढाई, एकदा त्यांची, एकदा आपली.

समजा, एकाने २० चढायांत १० गुण घेतले, त्यात ६ बोनस, आणि ५ वेळा पकडला गेला. दुसऱ्याने १४ चढायांत ८ घेतले, आठही स्पर्शाचे, पकडला गेला २ वेळा. फलकावर पहिला मोठा. पकडी वजा केल्या की पहिल्याचे ५ उरतात, दुसऱ्याचे ६, तेही सहा चढाया कमी करून. आणि फरक एवढ्यावर थांबत नाही. बोनसने गुण मिळतो, पण समोरचा गडी बाद होत नाही की आपला जिवंत होत नाही. स्पर्शाने दोन्ही होतं. समोरचा अख्खा संघ बाद होऊन लोण चढतो तो असा एकेक गडी टिपूनच. त्याचे दोन जादा गुण मात्र कुणाच्याच नावावर लागत नाहीत. म्हणून माझ्या वहीत बोनस आणि स्पर्श यांचे रकाने वेगळे.

तिसऱ्या चढाईचाही रकाना वेगळा हवाच. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावा लागतो, नाहीतर चढाई करणाराच बाद. बचाव दबा धरून बसलेला असतो. ही अवघड चढाई नेहमी ज्याच्या गळ्यात पडते, त्याची सरासरी घसरणारच. त्याला इतरांच्या रांगेत उभं करणं अन्याय आहे. उलट, दोन गुणांची आघाडी राखत शेवटच्या मिनिटात रिकामा परतणारा पोरगा संघाचं मोठं काम करत असतो. तिथे शून्यालाही मी किंमत देतो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो कव्हरवरून. डावा कॉर्नर घोट्याला झडप घालतो, पकड त्याच्या नावावर चढते. पण चढाईवाला मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा आडवा येतो तो शेजारचा कव्हर. तो अर्धं पाऊल उशिरा आला असता तर घोटा हातातून सुटला असता आणि गुण त्यांना गेला असता. स्कोअरशीटवर त्याला जागा नाही. मी ‘साथ’ असा रकाना आखून त्यात खूण करतो. ती खूण करायला चढाईवाल्यावरची नजर काढून बचावाच्या पायांवर ठेवावी लागते, आणि कॉर्नरने एकट्याने धरलेल्या पकडीही तिथेच कळतात. या रकान्यामुळे एखादा कव्हर यादीत तिसरा येतो, तेव्हा बैठकीत आवाज चढतात. मग मी वही पुढे सरकवतो आणि एकेका पकडीवर बोलायला लावतो.